मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म काढताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एखादी नऊ-दहा अंकी संख्या देऊन तिचे गुणधर्म लिहायला सांगितले, की बहुतेक जण तिच्या अंकांपासून सुरुवात करतात. अंकांची बेरीज काढतात, एकक स्थानचा अंक पाहतात, कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढून पाहतात आणि मग विभाजकांची संख्या सांगायला धावतात. यातली प्रत्येक कृती एकेकटी चुकीची नाही, पण क्रम चुकला की उत्तर चुकते, आणि चुकलेले उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखेच असते. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात, आणि ती गोष्ट म्हणजे संख्येचे संपूर्ण आणि तपासलेले मूळ अवयव. ते हाती येईपर्यंत दुसरे काहीही लिहू नये, हा या लेखातला मुख्य आग्रह आहे.

उदाहरणासाठी ५०,५९,५०,९८४ ही एकच संख्या शेवटपर्यंत घेतली आहे. ती मुद्दाम निवडली आहे, कारण नेहमीच्या बहुतेक सगळ्या चुकांना तिच्यात जागा आहे.

तयारी

कागदावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात ज्या संख्येला भाग द्यायचा ती, दुसऱ्यात भाजक, तिसऱ्यात भागाकार. १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी शेजारी लिहून ठेवावी. आठवणीतून भागत गेल्यास ९१ आणि ८७ मूळ समजून वापरल्या जातात आणि ५९ किंवा ७३ राहून जातात.

संगणकावर काम करणार असाल तर संख्या किती अंकी आहे ते आधी पाहा. प्रचलित स्प्रेडशीटमध्ये साधारणपणे १५ सार्थ अंक टिकतात आणि त्यापुढचे अंक काही न सांगता शून्य होतात. १६ अंकी विषम संख्या तिथे टाकली, तर तिच्या शेवटी शून्य येते आणि ती १० ने विभाज्य असल्याचे दिसू लागते. अनेक प्रोग्रॅममध्ये संख्या साठवण्याचा जो नेहमीचा दशांश प्रकार असतो, त्यात सगळ्या पूर्ण संख्या अचूक राहण्याची मर्यादा २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ इतकी आहे. त्यापुढे पूर्णांकांसाठी वेगळी सोय असलेले साधनच वापरावे.

टप्पा १: संख्या दोन प्रकारे उतरवणे

संख्या आधी नेहमीच्या स्वल्पविरामांनी लिहावी: ५०,५९,५०,९८४. मग तीच उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून लिहावी: ५०५ | ९५० | ९८४. ही दुसरी मांडणी टप्पा २ मधल्या ७, ११ आणि १३ च्या कसोटीला लागते. कोटी-लाखांच्या स्वल्पविरामांनाच गट समजून ती कसोटी लावणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी चूक आहे. ५०, ५९, ५० आणि ९८४ हे त्या कसोटीचे गट नव्हेत.

यानंतर उतरवलेली संख्या दिलेल्या संख्येशी ताडून पाहावी. नुसती अंकांची बेरीज जुळवून चालत नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. समजा ५०,५९,५०,९८४ ऐवजी ५०,५९,०५,९८४ असे लिहिले गेले. दोन्हींच्या अंकांची बेरीज ४५ च भरते. पण उजवीकडून आळीपाळीने अधिक आणि उणे चिन्हे लावून बेरीज केली, तर दिलेल्या संख्येसाठी ४ − ८ + ९ − ० + ५ − ९ + ५ − ० + ५ = ११ येते आणि चुकीच्या संख्येसाठी १ येते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल या बेरजेतून कधीच निसटत नाही. म्हणून दोन्ही बेरजा काढाव्यात आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवाव्यात.

टप्पा २: लहान अवयव काढणे

क्रम ठरलेला ठेवावा: २, ३, ५, ७, ११, १३. प्रत्येक मूळ संख्येने भाग जाईनासा होईपर्यंत भाग द्यावा आणि मगच पुढची घ्यावी.

२ ने: शेवटचे तीन अंक ९८४ आहेत आणि त्यांना ८ ने भाग जातो (८ × १२३). शेवटच्या चार अंकांना, म्हणजे ०९८४ ला, १६ ने भाग जात नाही. म्हणून २ चा घातांक नेमका ३. भागाकार ६,३२,४३,८७३.

३ ने: ६,३२,४३,८७३ च्या अंकांची बेरीज ३६ आहे, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार ७०,२७,०९७. त्याच्या अंकांची बेरीज ३२ असल्याने ३ ने पुन्हा भाग जात नाही. ३ चा घातांक २.

सावधान: अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच आहे, ती २७ पर्यंत ताणता येत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ = ९ × २११, म्हणजे २७ ने भाग जात नाही. ९ ने भाग दिल्यावर भागाकाराची बेरीज नव्याने काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

५ ने: ७०,२७,०९७ चा एकक अंक ७ आहे. पुढे जावे.

७, ११ आणि १३ या तिन्हींची तपासणी एकदमच होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट आळीपाळीने अधिक-उणे करावेत. दिलेल्या संख्येसाठी ९८४ − ९५० + ५०५ = ५३९. आता ५३९ ला ७ ने भाग जातो, ११ ने जातो, १३ ने जात नाही, आणि दिलेल्या संख्येचेही तसेच आहे. हा ५३९ आकडा जपून ठेवावा, पुढे पडताळणीत तो फार उपयोगी पडणार आहे.

सावधान: ५३९ = ७ × ७ × ११. त्यात ७ दोनदा दिसतो म्हणून दिलेल्या संख्येतही ७ दोनदा आहे असे मानण्याचा मोह होतो. पण १००१ मध्ये ७ एकदाच आहे, म्हणून ही कसोटी ७ बद्दल सांगते आणि ४९ बद्दल काहीच सांगत नाही. प्रत्यक्ष भाग देऊनच ठरवावे. ७०,२७,०९७ ÷ ७ = १०,०३,८७१, आणि त्याला पुन्हा ७ ने भाग दिल्यावर बाकी १ उरते. म्हणजे ७ चा घातांक १.

हाच भागाकार हाताने करताना दुसरी एक चूक हमखास होते. ७०,२७,०९७ मध्ये ७ नंतर लगेच ० आणि २ येतात. त्यांना ७ ने भाग जात नाही, म्हणून भागाकारात दोन शून्ये लिहावी लागतात. ती विसरल्यास १०,०३,८७१ ऐवजी १३,८७१ उरतात आणि पुढचे सगळे काम वाया जाते. प्रत्येक भागाकारानंतर अंक मोजावेत: सात अंकी संख्येला एक अंकी भाजकाने भागल्यावर सहा किंवा सातच अंक यायला हवेत.

११ ने: १०,०३,८७१ ÷ ११ = ९१,२६१. त्याची आळीपाळीची बेरीज १ − ६ + २ − १ + ९ = ५, म्हणून पुन्हा भाग जात नाही.

इथपर्यंतचे काम असे: ५०,५९,५०,९८४ = २³ × ३² × ७ × ११ × ९१,२६१.

टप्पा ३: उरलेल्या संख्येची मर्यादा ठरवणे

बहुतेकांचे काम इथेच बिघडते. ९१,२६१ ला २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून ‘ही मूळच असणार’ असे म्हणून काम थांबवले जाते. संख्या मूळ आहे असे म्हणण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग जात नाही हे दाखवावे लागते, त्याआधी थांबण्याची मुभा नाही.

३०२² = ९१,२०४ आणि ३०३² = ९१,८०९. म्हणजे मर्यादा ३०२. इथे आणखी एक चूक टाळावी: वर्गमूळ उरलेल्या संख्येचे काढायचे, सुरुवातीला दिलेल्या संख्येचे नाही. दिलेल्या संख्येचे वर्गमूळ २२,४९३ च्या पुढे आहे. ते धरून बसल्यास हजारो अनावश्यक भागाकार करावे लागतील. प्रत्येक अवयव निघाल्यावर मर्यादा नव्याने काढावी.

३०२ पर्यंत ६२ मूळ संख्या आहेत. पहिल्या पाच आपण वापरल्या, उरल्या ५७. त्यांतल्या १०० पर्यंतच्या वीस संख्यांनी, म्हणजे १३ पासून ९७ पर्यंत, सरळ भाग देऊन पाहावे. १३ चा निकाल ५३९ वरून आधीच लागला आहे. १७ ने भागल्यास बाकी ५, १९ ने ४, २३ ने २०, २९ ने २७, आणि याप्रमाणे पुढे. बाक्या लिहून ठेवाव्यात. केवळ ‘भाग जात नाही’ असे लिहिले, तर नंतर तपासायला काहीच उरत नाही. या विसांपैकी एकानेही भाग जात नाही.

टप्पा ४: दोन वर्गांचा फरक

लहान भाजक संपल्यावर सरळ भागाकारांची रांग पुढे चालवण्याआधी एक वेगळी पद्धत वापरून पाहावी. विषम संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिता आली, की तिचे अवयव आपोआप मिळतात, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). ही पद्धत फर्मा यांच्या नावाने ओळखली जाते. वर्गमूळाच्या लगेच पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे.

३०३² − ९१,२६१ = ५४८. एकक अंक ८ आहे. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही, त्यामुळे हा बाद.

३०४² − ९१,२६१ = ९२,४१६ − ९१,२६१ = १,१५५. इथे घाई करू नये. ३४² = १,१५६, म्हणजे अवघ्या एकाचा फरक आहे, आणि कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ ३३.९८५ असे काहीतरी दिसते. जवळपास वर्ग असण्याला इथे काहीही किंमत नाही. शिवाय ५ ने संपणाऱ्या वर्गाचे शेवटचे दोन अंक २५ च असतात, ५५ कधीच नसतात. बाद.

३०५² − ९१,२६१ = ९३,०२५ − ९१,२६१ = १,७६४ = ४२².

म्हणून ९१,२६१ = (३०५ − ४२)(३०५ + ४२) = २६३ × ३४७. सरळ भागाकाराने १३ पासून चालत गेलो असतो, तर २६३ हा ५१ वा भाजक ठरला असता. इथे तिसऱ्या वजाबाकीतच काम झाले, आणि मला या पद्धतीचे हेच फार मोलाचे वाटते.

सावधान: दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ही पद्धत जलद चालते. एक लहान आणि एक फार मोठा असेल तर ती सरळ भागाकारापेक्षाही रेंगाळते. म्हणूनच आधी १०० पर्यंतचे भाजक संपवायचे असतात. २ हा अवयव आधी पूर्ण काढण्यालाही असेच कारण आहे: ४ ने भागल्यावर बाकी २ उरणारी संख्या दोन वर्गांचा फरक कधीच होऊ शकत नाही, आणि अशा संख्येवर ही पद्धत चालवणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही.

टप्पा ५: अवयव मूळ आहेत ना, गुणाकार जुळतो ना

२६३ चे वर्गमूळ १७ पेक्षा कमी आहे. ७, ११ आणि १३ ने भागल्यास बाक्या अनुक्रमे ४, १० आणि ३ येतात, आणि २, ३, ५ ने भाग जात नाही. ३४७ साठी १७ पर्यंत जावे लागते: ७, ११, १३, १७ ने बाक्या ४, ६, ९, ७. दोन्ही संख्या मूळ आहेत.

आता संपूर्ण गुणाकाराची पडताळणी. अंकांच्या बेरजेने, म्हणजे ९ च्या बाकीने, गुणाकार तपासण्याची सवय चांगली आहे, पण या संख्येसाठी ती निरुपयोगी आहे. गुणाकारात ९ हा अवयव असल्यामुळे बाकी शून्यच येणार, मग २६३ च्या जागी चुकून २३६ लिहिले असले तरीही. ११ च्या बाकीचेही तेच. म्हणून जी मूळ संख्या अवयवांत नाही तिची बाकी घ्यावी. १३ सोयीची आहे, कारण ५३९ आपल्याकडे तयार आहे: ५३९ ला १३ ने भागल्यास बाकी ६.

अवयवांकडून १३ च्या बाक्या घेत जावे: ८ × ९ = ७२, बाकी ७; ७ × ७ = ४९, बाकी १०; १० × ११ = ११०, बाकी ६. २६३ ची बाकी ३, म्हणून ६ × ३ = १८, बाकी ५. ३४७ ची बाकी ९, म्हणून ५ × ९ = ४५, बाकी ६. दोन्हीकडे ६ आले. बाकी जुळली म्हणजे गुणाकार बरोबर असल्याची शक्यता मोठी आहे, पण बाकी जुळली नाही तर चूक निश्चित आहे. शेवटची खात्री पूर्ण गुणाकार करूनच होते आणि तो एकदा करावाच.

५०,५९,५०,९८४ = २³ × ३² × ७ × ११ × २६३ × ३४७

टप्पा ६: विभाजकांची संख्या आणि बेरीज

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. घातांकांचाच गुणाकार केला तर ६ असे चुकीचे उत्तर येते. विषम मूळ अवयवांनी २ च्या घातांशिवाय किती विभाजक बनतात हे विचारले तर ३ × २ × २ × २ × २ = ४८. म्हणजे १९२ पैकी ४८ विषम, १४४ सम.

बेरजेसाठी प्रत्येक मूळ संख्येच्या सगळ्या घातांची बेरीज घ्यावी आणि मग गुणाकार करावा. २ साठी १ + २ + ४ + ८ = १५, ३ साठी १ + ३ + ९ = १३, बाकीच्यांसाठी ८, १२, २६४ आणि ३४८. इथली नेहमीची चूक म्हणजे ३² साठी (३ + १)² = १६ घेणे. गुणाकार १५ × १३ × ८ × १२ = १८,७२० आणि २६४ × ३४८ = ९१,८७२, म्हणून सगळ्या विभाजकांची बेरीज १,७१,९८,४३,८४०. यातून दिलेली संख्या वजा केल्यास १,२१,३८,९२,८५६ उरतात. ही स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज दिलेल्या संख्येपेक्षा मोठी आहे. तसे होणारच होते, कारण ६ च्या ६ पेक्षा मोठ्या प्रत्येक पटीत असेच घडते. तुमच्या उत्तरात याच्या उलट आले, तर बेरीज चुकली आहे.

९१,२६१ मूळ समजून थांबलो असतो तर काय झाले असते, हे पाहून ठेवावे. विभाजक ९६ आले असते, म्हणजे नेमके निम्मे. बेरीज १,७०,८४,२४,६४० आली असती, जी खऱ्या बेरजेच्या इतकी जवळ आहे की नुसते पाहून शंकाही येणार नाही.

टप्पा ७: सहमूळ संख्या, वर्ग आणि वर्गांची बेरीज

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, हे ऑयलरच्या फलाने मिळते. प्रत्येक मूळ संख्येचा घातांक एकाने कमी करून त्या घाताला (मूळ संख्या − १) ने गुणायचे. २³ साठी ४ × १ = ४, ३² साठी ३ × २ = ६, पुढे ६, १०, २६२, ३४६. गुणाकार १३,०५,३८,८८०. ३² साठी ९ − १ = ८ लिहिणे ही चूक फार वेळा दिसते. ‘मूळ संख्या वजा एक’ हा नियम घातांक १ असतानाच पुरा पडतो.

पूर्ण वर्ग होण्यासाठी सगळे घातांक सम हवेत. इथे ३ चाच घातांक सम आहे, त्यामुळे संख्या वर्ग नाही. अंकांवर विसंबणाऱ्याला मात्र इथे फसायला जागा आहे: शेवटचे अंक ८४ आणि अंकांची अखेरची बेरीज ९, या दोन्ही गोष्टी पूर्ण वर्गात चालतात, उदाहरणार्थ ७८² = ६,०८४. अंकांच्या कसोट्या वर्ग नाकारू शकतात, सिद्ध करू शकत नाहीत. संख्येला वर्ग करायचा असेल तर विषम घातांकाच्या मूळ संख्यांनी गुणावे: २ × ७ × ११ × २६३ × ३४७ = १,४०,५४,१९४. याहून लहान गुणक चालणार नाही.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असेल तरच ते जमते. इथे ७, ११, २६३ आणि ३४७ या चौघांचीही बाकी ३ आहे आणि घातांक १ आहे. उत्तर नाही.

द्विमान पद्धतीत ही संख्या २९ अंकी आहे आणि तिच्या शेवटी नेमकी तीन शून्ये येतात. संगणकाने दिलेल्या रूपात शेवटची शून्ये मोजून २ चा घातांक ताडून पाहता येतो.

उरलेली संख्या फुटलीच नाही तर

खूप मोठ्या संख्यांत असे होते. मग उरलेल्या संख्येला २ च्या घाताची कसोटी लावतात: संख्या न असेल, तर २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागून बाकी पाहायची. बाकी १ आली नाही तर विषम न नक्की संयुक्त आहे. बाकी १ आली तर मात्र ती मूळ असल्याचे सिद्ध होत नाही. ३४१ पाहा: २ चा दहावा घात १,०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून बाकी १, आणि ३४० ही १० ची पट असल्याने २ च्या ३४० व्या घाताचीही बाकी १ च. तरीही ३४१ = ११ × ३१. पाया बदलल्याने, म्हणजे २ ऐवजी दुसऱ्या संख्येचा घात घेतल्याने, दर वेळी सुटका होते असेही नाही: ५६१ = ३ × ११ × १७ ही संख्या तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायासाठी ही कसोटी पार करते.

अशा वेळी कागदावर ‘उरलेली संख्या अमुक, तिचे अवयव अपूर्ण’ असे स्पष्ट लिहावे आणि जे निश्चित आहे तेवढेच सांगावे. सम-विषम, काढलेल्या मूळ अवयवांचे घातांक आणि संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही, हे सांगता येते. वर्गाचा निर्णय पूर्णांक वर्गमूळ काढून त्याच्या वर्गाशी तुलना करून होतो. संख्या ६ ची मोठी पट असेल, तर लहान विभाजकांची बेरीज तिच्याहून मोठी आहे हेही सांगता येते. विभाजकांची संख्या, त्यांची नेमकी बेरीज आणि ऑयलरचे फल यांच्यापुढची जागा मात्र रिकामी सोडावी.